समितीचा चिरा

जव्हारला आमच्या घरी संध्याकाळी चार माणसं चहाला जमली की कोणीतरी हमखास म्हणतं, "अगं, तुझ्या समितीचं सांग ना काहीतरी!" आणि मी सांगते. किस्से असे साठतात की विचारू नका. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीला शेवाळ धरतं ना, कोणी लावत नाही, कोणी खरवडतही नाही, तसं. ऐकताना सगळे खो खो हसतात. मीही हसते. मग कप विसळायला मोरीत गेले की माझा चेहरा मलाच नकोसा होतो.

आधी समिती म्हणजे काय ते सांगते, नाहीतर काही कळायचं नाही. आमच्या पाड्यांवरची माणसं दिवाळी आटोपली की बाहेर कामाला जातात. "कामाला" असं मात्र कोणी म्हणत नाही. म्हणतात, "जगायला चाललो." तर जामसरच्या पुढच्या एका पाड्यावरची आणि मोखाड्याकडची काही माणसं अशीच एका बिल्डरच्या साइटवर जगायला गेली. ज्या भिंतीच्या आडोशाला त्यांनी झोपड्या घातल्या होत्या, ती भिंतच रात्रीत त्यांच्यावर आली. नऊ जण गेले. जगायला गेले आणि मेले!

कोर्टानं बिल्डरला भरपाई भरायला लावली. पण रोख हातात दिली तर ही माणसं उडवतील, असं ज्यांना त्यांच्याबद्दल काही माहीत नव्हतं अशा लोकांना वाटलं. म्हणून निधी झाला. निधी आला की समिती आलीच. मेलेले नऊ आणि त्यांची आठवण सांभाळायला अकरा!

अध्यक्ष अण्णा. जव्हारला त्यांचं सिमेंट-पत्र्याचं दुकान, आणि मनानं वाईट नाहीत हो, नुसते अध्यक्ष आहेत. सचिव पाटकर सर, निवृत्त हेडमास्तर. त्यांना देव भेटला तरी ते आधी नियमात बसतो का ते बघतील. शिपाई लक्ष्मण, पाड्यावरचाच, ठाणे शहरात बरीच वर्षं काढून आलेला. आणि मी, टायपिंग, इतिवृत्त आणि पाहुण्यांना पाणी. बाकीचे सदस्य स्मृतिदिनाला येतात, म्हणजे जेवणाच्या वेळी.

* * *

जव्हारला लोक थंड हवा खायला येतात. आणि समितीची पहिली खरेदी काय? एसी!

मी म्हटलं, "सर, इथं माणसं मे महिन्यात पहाटे गोधडी घेतात."

पाटकर सर म्हणाले, "बाई, निधी फक्त पीडितांच्या सोयीसाठी वापरता येतो. आणि एसी ही सोय आहे."

मग एसीच्या बरोबर खाली एक खुर्ची ठेवली. तिच्या पाठीवर रंगवून घेतलं, 'पीडित'. बाकीच्या खुर्च्यांवर आम्ही. खुर्चीत कोणीतरी बसलेलं दाखवायला हवं, म्हणून सोमीबायला बोलावलं. सोमीबायचा नवरा त्या नऊ जणांतला. पोरीचं नाव कमळी, म्हणून ती नवऱ्याला "कमळीचा बापूस" म्हणते. नाव घेत नाही.

ती बसली. फोटोवाला म्हणाला, "जरा हसा." तेवढ्यात ती उठलीच.

"बाय, मी भायेर बसते."

"का गं? हीव भरलं?"

"कमळीचा बापूस मना अशाच गार खोलीत दाखवलेला. हात लावला तं असाच लागला."

फोटो मात्र छान आला. वार्षिक अहवालाच्या कव्हरवर आहे.

* * *

मग स्मारकाची जागा. जव्हारचे सदस्य म्हणाले जव्हार, मोखाड्याचे म्हणाले मोखाडा.

"जव्हारला पर्यटक येतात. चार लोक बघतील तरी!"

"मोखाड्याला तहसील आहे, आठवड्याचा बाजार आहे. आणि आमच्या तालुक्याचे जास्त गेलेत!"

"गेले तुमचे जास्त असतील, जखमी आमचे जास्त आहेत!"

मी हे इतिवृत्तात लिहिलं, तर सरांनी 'सखोल चर्चा झाली' असं करून घेतलं.

शेवटी तोडगा निघाला. दोन्हीकडे भूमिपूजन, एकाच दिवशी! सकाळी जव्हारला, दुपारी मोखाड्याला. भटजी तेच, कुदळ तीच, हारसुद्धा तेच. सगळं एका जीपमध्ये. वाटेत वळणावळणांनी भटजींना उलटी झाली, ती सोडली तर कार्यक्रम यथासांग पार पडला.

संध्याकाळी लक्ष्मण कुदळ धुता धुता सरांना म्हणाला, "सर, खड्डे दोन झाले. आता माणसं कशी वाटायची? पाच हितं, चार तिथं?"

मला वाटलं, सर आता त्याला झापणार. सर विचारात पडले. म्हणाले, "हा विषय पुढच्या मीटिंगला घेऊ."

आणि घेतला हो! त्यातूनच ठरलं की जव्हारही नको, मोखाडाही नको, रस्त्यावरच्या फाट्यावर मधोमध स्मारक करायचं.

* * *

आता जे सांगते ते हसण्यासारखं नाही, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

आमच्या डोंगरातल्या पाड्यांवर माणूस गेला की त्याचा चिरा बसवतात. चिरा म्हणजे दगड. वर सूर्य आणि चंद्र कोरायचा, खाली माणूस, आणि आता शाळा झाल्यापासून नावही घालतात. वेशीवर तुम्ही असे दगड बघितले असतील, शेंदूर लावलेले. दगडापुढे तांदूळ ठेवायचे, मोहाची दारू शिंपडायची आणि मेलेल्याला त्याच्या नावानं सांगायचं, बाबा, बस आता. मग घरी निघायचं. निघताना मागं वळून बघायचं नाही. मागून हाक आली तरी ओ द्यायची नाही. ओ दिली की तो तुमच्याबरोबर घरी येतो, असं म्हणतात.

आणि चिरा बसेपर्यंत तो माणूस वेशीवर उभाच असतो. बाप असा उभा असताना त्याच्या पोरीचा मांडव घालता येत नाही. आणि कमळीचं तर ठरलं होतं, मोखाड्याच्या बाजूचा मुलगा होता.

सोमीबाय चिऱ्यासाठी दगड बघून ठेवून ऑफिसात विचारायला आली. विचारायला आली, तिथंच चुकली!

पाटकर सर म्हणाले, "थांबा, थांबा. स्मारक सामूहिक आहे. त्यात सगळ्यांची आठवण आली. तुम्ही वेगळा दगड बसवलात तर दुहेरी लाभ होतो." आणि ठराव केला. कोणत्याही कुटुंबानं समितीला विचारल्याशिवाय स्वतंत्र चिरा बसवू नये, अन्यथा निधीतून नाव वगळण्यात येईल. नऊच्या नऊ घरांना निरोप गेला. लक्ष्मणच घेऊन गेला, मान खाली घालून.

सोमीबायनं मला विचारलं, "मंग कधी बसवशाल तुम्ही?"

मी म्हटलं, "लवकरच."

"बघ हां बाय. तो पावसात उभा हाये."

* * *

पुनर्वसन प्रशिक्षण राहिलंच की! विधवांना आपल्या पायावर उभं करायचं म्हणून कसलं प्रशिक्षण दिलं असेल? केक बनवण्याचं!

ठाण्याहून एक मॅडम आल्या, ओव्हन घेऊन. पाड्यावर लाइट येते-जाते, ओव्हन कोणाकडे असणार? मॅडम म्हणाल्या, "कुकरमध्येसुद्धा होतो." कुकर कोणाकडे होता? त्यात पेरणी तोंडावर, ऐन शेतं साफ करायचे दिवस. बाया धुळीतून उठून, हातपाय धुऊन आल्या आणि मैदा चाळत बसल्या.

पण केक झाला. चांगला फुगला. मॅडमनी त्यावर क्रीमनं लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. दुसऱ्या दिवशी पहिला स्मृतिदिन होता, म्हणून अण्णा म्हणाले, "वा! यांच्याच हातचा, उद्या हाच ठेवू."

स्टेजवर नऊ फोटो, हार, समई आणि मधोमध केक. अण्णांच्या हातात सुरी. हॉलमध्ये एकदम शांतता. अण्णांनी 'श्रद्धां' आणि 'जली'च्या मधून सुरी फिरवली आणि मागून कोणीतरी सवयीनं टाळी वाजवली. एकानं वाजवली की सगळे वाजवतात. एका सदस्याच्या नातवानं गाणंही सुरू केलं, तेच हो, वाढदिवसाचं. दोन ओळी झाल्यावर कोणीतरी त्याचं तोंड दाबलं.

सोमीबायनं तिच्या वाटचा तुकडा पदरात बांधून घेतला. मला हळूच विचारलं, "बाय, आज कुनाचा वाढदिस?"

* * *

अभ्यास दौऱ्याचं थोडक्यात सांगते. देशातली स्मारकं कशी असतात याचा अभ्यास करायला समिती गेली गोव्याला. परत आल्यावर लक्ष्मणनं विचारलं, "सर, काय अभ्यास केला?"

अण्णा म्हणाले, "शांततेचा!"

* * *

एकदा मुंबईहून एक तरुण प्राध्यापक आले. पीडितांचे हक्क या विषयावर बोलायला. प्रोजेक्टर लावला, नऊ घरांतली माणसं खाली सतरंजीवर बसली, समिती खुर्च्यांवर.

माणूस कळकळीचा होता. त्यांनी आफ्रिकेचा नकाशा दाखवला. म्हणाले, "हा काँगो. इथं वर्षानुवर्षं युद्ध चाललंय. किती माणसं मेली याचा नीट हिशोबसुद्धा नाही. लोक त्यांचा स्मृतिदिन पाळतात. शेजारच्या देशानं भरपाई द्यावी असा मोठ्या कोर्टानं निकाल दिला. भरपाई वाटायला निधी केला. आणि आता तो निधी कोणी आणि कसा चालवायचा, यावरून आरोप चाललेत. ज्यांचं माणूस गेलं, ते अजून वाट बघतायत."

पडद्यावर बायांचा फोटो होता. डोक्याला फडकी बांधलेल्या, एकीच्या कडेवर पोर. आमच्या बाया सरकून पुढे बसल्या. एक म्हणाली, "आपल्यासारख्याच हायेत गं."

सोमीबायनं बराच वेळ तो फोटो बघितला. मग विचारलं, "सायेब, तिकडंबी समिती हाये?"

"हो, आहे ना. तसंच काहीतरी आहे."

सोमीबाय हळहळली. "अगं आई! मंग गेल्या बिचाऱ्या."

प्राध्यापक हसायला गेले आणि मधेच थांबले. अण्णा मात्र आभाराला उठले आणि भारावून म्हणाले, "आपल्या समितीचा अनुभव आपण त्यांना दिला पाहिजे. आपण त्यांना मार्गदर्शन करू!"

दुसऱ्या दिवशी मला पत्र टाइप करायला सांगितलं. केलं. कुठं पाठवायचं ते कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून ते अजून माझ्या टेबलावर आहे.

* * *

गेल्या वर्षी होळीनंतर मी मोखाड्याच्या बाजारात गेले होते. समोरून कमळी आली. कडेवर पोर, महिन्या-दोन महिन्यांचं.

पाटकर सर माझ्याबरोबर होते. आनंदानं म्हणाले, "अरे वा, झालं का लग्न? कळवलं नाहीस!"

आमच्या इकडे पोरगी लग्नाआधी नवऱ्याकडे राहायला गेली तर कोणी तिच्यावर बोट ठेवत नाही. लग्न मागनं सवडीनं होतं. पण अंगाला हळद लागायची राहिली की राहिलीच, ती सल बाईलाच ठाऊक.

कमळी म्हणाली, "लगीन कुठलं सर? बापूस उभा हाये ना अजून."

खरं सांगते, सरांचे डोळे पाणावले. हा माणूस दगड नाही. जीपमध्ये बसल्यावर मला म्हणाले, "बाई, या पोरीसाठी काहीतरी केलं पाहिजे."

मी म्हटलं, "सर, तो ठराव मागं घ्या."

तर म्हणाले, "ते नियमात बसत नाही."



* * *

आणि आता यंदाचा स्मृतिदिन. हा किस्सा मी कोणालाच नीट सांगितलेला नाही.

स्मारक झालेलं नव्हतंच. पण काहीतरी दाखवायला हवं, म्हणून ठरलं की फाट्यावर निदान कोनशिला तरी लावायची. नाशिकहून काळा गुळगुळीत दगड आणला. त्यावर अकरा सदस्यांची नावं. मेलेल्यांची नाहीत, ती मोठ्या स्मारकावर येणार. दगड फारच कोरा वाटला, तर अण्णांनी कारागिराला फोनवर सांगितलं, "वरती काहीतरी आदिवासी टच द्या!" कारागीर हुशार. त्यानं कुठंतरी बघून वर सूर्य आणि चंद्र कोरला.

सरांनी दगड बघितलाच नाही. त्यांनी फक्त नावांचं शुद्धलेखन तपासून पाठवली होती.

लक्ष्मणनं पाड्यांवर निरोप दिला, "फाट्यावर दगड बसतोय." त्याला जेवढं सांगितलं होतं तेवढंच त्यानं सांगितलं. नऊच्या नऊ घरं आली. सोमीबाय डोक्यावर टोपली घेऊन आली. टोपलीत तांदूळ, शेंदूर, मोहाची बाटली. मागं कमळी, कडेवर पोर. सोमीबायनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. तिला मी इतकी आनंदात कधीच बघितली नव्हती.

अण्णांनी दोरी ओढली. पडदा बाजूला झाला. बायांनी डोक्यावर पदर घेतले. पुरुषांनी चपला काढल्या. लक्ष्मणनंही काढल्या.

अण्णा माइकमध्ये म्हणाले, "बघा! केवढा हा आदर!"

सोमीबाय दगडापाशी गेली. सूर्यावरून बोट फिरवलं, चंद्रावरून फिरवलं. मग मला हाक मारली. "बाय, वाच ना. कमळीच्या बापसाचं नाव कुठं हाये?"

मी म्हटलं, "ते नाही यात. ते मोठ्या स्मारकावर येणार आहे."

"मोठं कधी?"

मी पदरानं दगडावरची धूळ पुसायला लागले.

"मंग ही कुनाची नावं?"

मी सांगितली. अण्णा. पाटकर सर. खजिनदार. एकेक करत सगळी. ती ऐकत राहिली. तिच्या तोंडावर रडू नव्हतं, हसूही नव्हतं. मी आजवर हजारदा आठवून बघितलंय, तिच्या मनात काय होतं ते मला सांगता येत नाही.

मग ती खाली बसली. टोपली उतरवली. पहिल्या नावावर शेंदूर लावला, पुढं चिमूटभर तांदूळ ठेवले, बाटलीतली दारू शिंपडली.

"अण्णा, बस आता. खा, पी. घरच्यांना छळू नको. आमच्या वाटंला येऊ नको."

अण्णांना वाटलं, पूजा चालली आहे. "फोटो घ्या, फोटो घ्या!" म्हणाले. फोटोवाला गुडघ्यावर बसून फोटो घ्यायला लागला.

सोमीबायनं मला विचारलं, "पुढचा कोन?"

आणि मी सांगितलं. का सांगितलं ते विचारू नका.

"पाटकर गुरुजी, बस आता. लय शिकवलंस. आता गप बस."

सरांची निम्मी नोकरी पाड्यांवरच्या शाळांत गेलेली. त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं. चेहरा पांढरा पडला. "अहो, थांबवा त्यांना," म्हणाले, "अहो, आम्ही अजून..."

अकराही नावं झाली. मग बाकीच्या आठ घरांतली माणसं एकेक करून पुढं आली, दगडासमोर तांदूळ टाकले आणि बाजूला झाली. कमळीनं पोराच्या मुठीत दोन दाणे दिले, तेही टाकले. सोमीबायनं रिकामी टोपली उचलली.

"चल गं कमळी. पेरणीआधी तुझ्या बापसाला बसवू. मंग तुझी हळद."

कमळी म्हणाली, "आये, समितीला इचारल्याबिगर कसं?"

"आता कुठं हाये समिती?"

सगळी माणसं उतारानं खाली निघाली. अण्णा गोंधळले. कार्यक्रम अर्धाच झाला होता, भाषणं राहिली होती, उपमा तसाच पातेल्यात होता. ते माइकवर ओरडले, "अहो, थांबा! नाश्ता करून जा! सोमीबाय! अगं कमळी! लक्ष्मण, तू कुठं चाललास?"

कोणी वळलं नाही. ज्यांना नावानं हाक मारली त्यांनीही नाही. लहान पोरंसुद्धा नाकासमोर बघत चालली होती.

मग भोंग्यातून माझं नाव आलं. "अहो बाई! तुम्ही तरी बोला काहीतरी! बाई! ऐकू येत नाही का?"

मी चपला हातात घेतल्या होत्या. लक्ष्मणच्या पाठीकडं बघत मी चालत राहिले.